कॉसॅक मामाय

युक्रेनमधील लोकचित्रांचा एक प्रकार व त्यातील नायक. मांडी घालून बसलेला, कोब्झा किंवा बंदुरा हे तंतुवाद्य छेडणारा एकटा कॉसॅक (स्टेप या गवताळ मैदानी प्रदेशातील स्वायत्त योद्धा समाजाचा पुरुष) हा या चित्रांचा विषय. मुंडण केलेल्या डोक्यावर लांब शेंडी, पाठीमागे ओक वृक्ष, जमिनीत रोवलेल्या भाल्याला बांधलेला घोडा आणि भोवती तलवार, पिस्तूल, चिलीम, मद्याची सुरई व पेला अशी मांडणी ठरलेली असते. अनामिक चित्रकारांनी ती कापडावर, तशीच घरांची दारे व लाकडी पेट्या यांवरही रंगवली.

उपलब्ध चित्रे बहुतांशी 18व्या शतकाचा उत्तरार्ध व 19वे शतक यांतील आहेत. प्रकार याहून जुना असावा. मात्र त्याचा काळ बैठकीवरून ठरवण्याचे प्रयत्न जपूनच स्वीकारावे लागतात. काही अभ्यासक या बैठकीचा संबंध बुद्धमूर्तींशी जोडतात. इराणी व मध्य आशियाई लघुचित्रांतही अशी बैठक सर्रास आढळते. तुर्की व तातार जगाशी कॉसॅकांचा युद्ध आणि व्यापार या दोन्ही निमित्तांनी निकटचा संबंध होता, हे लक्षात घेता ती स्टेपच्या पूर्वेकडील प्रभावातून आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

नावाविषयीही मतभेद आहेत. 1380 मध्ये कुलिकोव्हो येथे पराभूत झालेला सुवर्ण टोळी या मंगोल-तातार राज्याचा सेनानी मामाय हा नावाचा उगम, असे एक मत आहे. ग्लिन्स्की या सरदार घराण्याच्या वंशावळी त्याच्यापाशी पोहोचतात, हा त्याला दिला जाणारा आधार. दुसऱ्या मतानुसार 18व्या शतकातील या नावाच्या हायदामाक (पोलिश अमलाविरुद्ध उठलेल्या सशस्त्र टोळ्यांतील) बंडखोरामुळे ते रूढ झाले. काही चित्रांत हायदामाकांच्या हिंसेची दृश्ये असल्याने या मताला थोडे बळ मिळते. तथापि, कितीही निरखून पाहिले तरी आपले कूळ व नाव कळणार नाही, असे अनेक चित्रांखालील पद्यांत कॉसॅक स्वतःच बजावतो. त्यामुळे एखाद्या ऐतिहासिक व्यक्तीचा शोध घेण्यापेक्षा लोकगीतांतील व दंतकथांतील एकाकी वीराचे हे संमिश्र रूप मानणे योग्य ठरेल. व्हेर्तेप या बाहुलीनाट्यातील झापोरोझियन (नीपर नदीच्या खालच्या भागातील) कॉसॅकाचे स्वगत या पद्यांशी पुष्कळ जुळते. कोणी कोणाकडून घेतले, हे सांगणे अवघड आहे.

वाद्यांच्या इतिहासासाठीही ही चित्रे मोलाची आहेत. प्रत्यक्षात ‘दुमा’ ही वीरगाथा गाणारे कोब्झार बहुधा अंध गायक असत. चित्रात मात्र योद्धा स्वतःच वाद्य हाती घेतो. 1775 मध्ये रशियाची सम्राज्ञी कॅथरिन दुसरी हिच्या आज्ञेने झापोरोझियन सिच हे या कॉसॅकांचे तटबंदीचे ठाणे नष्ट झाल्यावर या प्रतिमेला गतस्वातंत्र्याच्या स्मृतीचा अर्थ चिकटला. मिखाइलो माक्सिमोविच यांच्या लोकगीतसंग्रहापासून (1827) कवी तारास शेवचेन्को यांच्या ‘कोब्झार’ या काव्यसंग्रहापर्यंत (1840) स्वच्छंदतावादी पिढीला लोकगीते व कॉसॅक भूतकाळ यांचे जे आकर्षण वाटले, त्यातून या प्रतिमेला नवी प्रतिष्ठा मिळाली. कीव्हच्या स्वातंत्र्य चौकात 2001 मध्ये मामायचे शिल्प उभारण्यात आले.