432 हर्ट्झची गोष्ट: खरं काय?

‘पूर्वीचं संगीत 432 हर्ट्झवर, म्हणजे निसर्गाच्या स्वरात असायचं, आताच्या 440 मुळे मन अस्वस्थ होतं.’ गाण्यांसोबत हा मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे.

हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं. 432 किंवा 440 हा आकडा पाश्चात्त्य वाद्यं ज्या ‘ए’ स्वराला जुळवतात त्याचा, आणि त्यालाच इथे पट्टी म्हटलं आहे. सेकंद माणसानेच ठरवला, दिवसाचे 86,400 भाग करून. सेकंद थोडा लांब धरला असता तर त्याच स्वराचा आकडा बदलला असता. मग 432 हा निसर्गाचा आकडा कसा?

पूर्वी सगळीकडे एकच पट्टी होती, हेही खरं नाही. युरोपात गावागणिक पट्टी बदलायची. फ्रान्सने 1859 मध्ये कायद्याने 435 ठरवली. बरोक काळातलं (साधारण 1600 ते 1750) युरोपीय संगीत आज बरेच वाद्यवृंद 415 वर वाजवतात. वादकांनी एकत्र वाजवायचं तर एक आकडा लागतो, 440 त्यासाठीच आहे. आपल्याकडे तर षड्ज (सा) गळ्याप्रमाणे ठरतो. कुणी पेटीच्या काळी एकमध्ये गातं, कुणी काळी चारमध्ये, आणि तानपुरा त्यानुसार लावतात. त्यातून कुणाचं गाणं अशांत झालेलं नाही.

पडताळून पाहायचं असेल तर ध्वनिसंपादनाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एकाच गाण्याची पट्टी साधारण 1.8 टक्क्यांनी उतरवा. हा फरक अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. मग घरच्या कुणाला तरी दोन्ही प्रती, कोणती लावली ते तुम्हाला न सांगता, उलटसुलट क्रमाने, बऱ्याचदा लावायला सांगा. प्रत्येक वेळी तुम्ही तुमचा अंदाज आणि त्यांनी खरी प्रत लिहून ठेवा आणि शेवटी ताळा करा.

432 वरचं गाणं आवडत असेल तर खुशाल ऐका. औषध म्हणून मात्र पुढे पाठवू नका.