आवाजाला फाटे फोडताना

कोल्हापूरच्या दसरा चौकातल्या शाहू स्मारक भवनात व्याख्यान असो की शिवाजी पेठेतल्या तालमीचा गणपती, मिक्सरमधला एकच आवाज तीन ठिकाणी लागतो: ॲम्प्लिफायरला, रेकॉर्डरला आणि कॅमेऱ्याला. मिक्सरला जादा आउटपुट नसेल तर फाटा काढावा लागतो आणि शंका येते, आवाज वाटला जाऊन कमी होईल का?

उसाला पाणी पाजताना पाट दोन सऱ्यांत फोडला की धार निम्मी होते. मिक्सरमधून उपकरणांकडं जाणाऱ्या लाइन सिग्नलचं तसं नाही. इथं पोचवायचा असतो तो दाब, म्हणजे व्होल्टेज: व्यावसायिक मिक्सरचं साधारण १.२३ व्होल्ट, घरगुती उपकरणाचं ०.३ व्होल्टच्या आसपास. मिक्सरच्या आउटपुटचा रोध १५० ओहम धरला आणि प्रत्येक इनपुटचा १०,००० ओहम, तर तीन इनपुट समांतर जोडूनही ३,३३३ ओहम उरतात. घट ०.४ डेसिबलसुद्धा नाही, कानाला कळतही नाही. (स्पीकरची वायर मात्र या हिशेबात धरू नका, तिथला मामला वेगळा.)

साध्या वाय-केबलचा, म्हणजे एका प्लगमधून फाटे फुटणाऱ्या केबलचा, धोका एवढाच, की एका फाट्याची पिन शॉर्ट झाली की तिन्हीकडं सामसूम. म्हणून प्रत्येक फाट्यात ४७० ओहमचा रेझिस्टर घाला. मग एक फाटा शॉर्ट झाला तरी बाकीच्यांचा आवाज अडीच डेसिबलच्या आतच उतरतो. बॅलन्स्ड लाइनमध्ये तीन पिनांचा प्लग असतो: पिन २ वर सिग्नल, पिन ३ वर त्याचाच उलटा, पिन १ वर शील्ड, म्हणजे तारांभोवतीचं आवरण. तिथं रेझिस्टर पिन २ आणि ३ दोन्हींवर हवा, तोही एक टक्का टॉलरन्सचा, म्हणजे ओहममध्ये तेवढाच फरक चालणारा. दोन बाजू असमान झाल्या तर बाहेरचा खरखराट आत शिरतो.

हीच केबल उलटी लावून दोन आउटपुट एका इनपुटात कोंबणारे महाभाग भेटतात. तिथं प्रत्येक आउटपुटला समोर दुसऱ्याचे १५० ओहम दिसतात, दोघांची ओढाताण होते आणि आवाज फाटतो. एकत्र करायला मिक्सरच हवा.

मांडवात घूं असा आवाज आला तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबला, तर तो ग्राउंड लूप. विजेच्या दोन वेगळ्या बोर्डांच्या अर्थिंगमधल्या फरकामुळं केबलच्या शील्डमधून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहतो. लॅपटॉपकडच्या फाट्यात १:१ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवा, तो सिग्नल जाऊ देतो पण तारांची थेट जोड तोडतो. प्लगची अर्थिंगची पिन तोडणं म्हणजे जिवाशी खेळ.

सगळ्यात फसवा प्रकार कॅमेऱ्याचा. बॅलन्स्ड आउटपुट सरळ स्टिरिओ जॅकमध्ये दिलं, तर डावीकडं सिग्नल आणि उजवीकडं त्याचाच उलटा सिग्नल जातो. हेडफोनवर सगळं ठीक वाटतं. पण मोबाइलचा एकच स्पीकर दोन्ही बाजूंची बेरीज करतो आणि वक्ता मुका होतो. पिन २ जॅकच्या दोन्ही बाजूंना जोडा, पिन १ शील्डला द्या आणि पिन ३ मोकळी ठेवा. आउटपुट ट्रान्सफॉर्मरचं असेल तरच पिन ३ ही पिन १ ला जोडायची. कॅमेऱ्याला फक्त माइक इनपुट असेल, तर वाटेत १०,००० ओहमचा रेझिस्टर घाला आणि त्याच्यापुढं सिग्नल आणि शील्ड यांच्यामध्ये १०० ओहमचा. सिग्नल ४० डेसिबलनं उतरतो. कार्यक्रमाआधी अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग मोबाइलच्या स्पीकरवर ऐका, हेडफोनवर नको.