दहा टक्के आंबा: फळ आणि पाकिटातलं पेय यांच्या तुलनेमागची गोष्ट

मध्यम आकाराच्या आंब्यात साल आणि कोय वगळली तर साधारण १६० ग्रॅम गर निघतो. अमेरिकी कृषी विभागाच्या पोषणतक्त्यानुसार एवढ्या गरात साखर असते २२ ग्रॅमच्या आसपास. हापूस असेल तर थोडी जास्तच धरा. आता आंबा पेयाचं १६० मिलीचं छोटं पाकीट घ्या आणि उलटं करून मागचा तक्ता वाचा. बहुतेक पेयांत १०० मिलीला १२ ते १५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाकिटात १९ ते २४ ग्रॅम. कॅलरीही जवळपास तेवढ्याच. मग मे महिन्यात घरोघरी तोच वाद निघतो: आंबा खाल्ला काय आणि पाकीट प्यायलं काय, साखर तेवढीच ना?

आकडे चुकीचे नाहीत. फक्त फळातली साखर झाडाने तयार केलेली असते, तर पाकिटातली बरीचशी साखर कारखान्यात पोत्यातून ओतलेली असते. आणि हे कुठल्या कंपनीच्या चलाखीमुळे झालं असंही नाही. त्याचं गणित १९५५ सालच्या एका सरकारी आदेशातच होतं.

जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली त्या वर्षी केंद्र सरकारने 'फ्रूट प्रॉडक्ट्स ऑर्डर' काढली. जॅम, मुरंबा, सरबत, लोणचं, डबाबंद फळं, सगळ्यांची मापं तिने ठरवून दिली. पाणी घालून प्यायच्या स्क्वॅशमध्ये फळाचा रस किमान २५ टक्के हवा, नेक्टर नावाच्या दाटसर पेयात २०, आणि बाटली उघडून थेट प्यायच्या 'रेडी टू सर्व्ह' पेयात किमान १० टक्के. हेतू वाईट नव्हता. रंग, साखर आणि अत्तरासारखा वास घातलेलं पाणी 'फळांचा रस' म्हणून विकलं जाई, त्याला आळा घालायचा होता. पण थेट प्यायच्या पेयाला आणखी एक अट होती: त्यात विरघळलेले घन पदार्थ किमान १० टक्के असलेच पाहिजेत. हे घन पदार्थ म्हणजे मुख्यतः साखरच. आंब्याच्या गरात त्यांचं प्रमाण १५ टक्के धरलं, तरी १० टक्के गरातून पेयात येतात जेमतेम दीड टक्का. उरलेले साडेआठ टक्के कुठून आणायचे? साखर घालूनच. थोडक्यात, कमीत कमी फळ घालणाऱ्याला भरपूर साखर घालणं भागच होतं. पुढे २००६ साली अन्न सुरक्षा कायदा आला, २०११ साली त्याची नियमावली आली, आणि ही दोन्ही दहाची मापं तिच्यात जवळपास जशीच्या तशी उतरली.

बाजाराने मात्र हे माप उचललं ते पंधरावीस वर्षांनी. तोवर आंब्याचं पेय म्हणजे आपल्याकडे पन्हं. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याच्या डाळीसोबत दिलं जाणारं, उकडलेल्या कैरीचं, गूळ आणि वेलची घातलेलं. (गूळही साखरच, हे पन्ह्याचे अभिमानी सोयीने विसरतात.) १९७६ साली 'माझा' नावाचं बाटलीतलं आंबा पेय आलं. पुढच्याच वर्षी कोका-कोलाने देशातून गाशा गुंडाळला आणि देशी शीतपेयांना मैदान मोकळं मिळालं. मुंबईकरांना ड्यूक्सची मँगोलाही आठवत असेल.

खरी उलथापालथ झाली १९८५ साली. पार्ले ॲग्रोने फ्रूटी आणली ती टेट्रापॅकमध्ये. कागद, प्लॅस्टिक आणि ॲल्युमिनियम यांच्या थरांच्या त्या खोक्यात निर्जंतुक केलेलं पेय हवेचा स्पर्श न होता भरलं जातं, त्यामुळे ते फ्रिजशिवाय महिनोन्‌महिने टिकतं. काचेची बाटली परत करायची कटकट गेली. एसटी स्टँडवर, शाळेच्या डब्यासोबत, वाढदिवसाच्या खाऊत, जिथे बाटली पोहोचत नव्हती तिथे स्ट्रॉ लावलेलं पाकीट पोहोचलं. १९९३ साली पार्लेच्या दुसऱ्या शाखेकडचा 'माझा' कोका-कोलाने घेतला, वर्षभराने ड्यूक्स पेप्सीकडे गेली. जाहिरातीत हापूस झळकू लागला, पण उद्योगाचा कणा होता तोतापुरी. आंध्रातल्या चित्तूर आणि तमिळनाडूतल्या कृष्णगिरी पट्ट्यात तो भरघोस पिकतो, गर जास्त निघतो आणि भाव हापूसच्या जवळपासही नसतो. कोकणातही मेअखेरीला डागाळलेला, बारका आंबा 'कॅनिंगला' किलोवर जातो, पण त्याचा गर बहुधा ८५० ग्रॅमच्या डब्यात बसतो आणि न्यू जर्सी किंवा दुबईतल्या मराठी घरात आमरस होऊन निघतो. त्या डब्यावरची घटकांची ओळही वाचण्यासारखी असते: आंब्याचा गर, साखर, सायट्रिक ॲसिड.

आता पोषणाकडे. १०० ग्रॅम आंब्यात क जीवनसत्त्व ३६ मिलिग्रॅम, चोथा १.६ ग्रॅम, पोटॅशियम १६८ मिलिग्रॅम, शिवाय फोलेट आणि त्या केशरी रंगामागचं बीटा कॅरोटीन ६४० मायक्रोग्रॅम. पेयात गर १५ टक्के असेल तर हे सगळं सातव्या हिश्शावर येतं. चोथा पाव ग्रॅम. क जीवनसत्त्व हिशेबाने पाच मिलिग्रॅम, त्यातलंही काही उष्णतेने जातं. कॅरोटीन उष्णता बऱ्यापैकी सोसतं, पण मुळात असतंच थोडं, म्हणून काही पेयांत रंग वरून घालावा लागतो. घटकांच्या यादीत ११० किंवा १६०ए असे आकडे दिसले तर ते त्यासाठीच. ३०० हा आकडा म्हणजे बाहेरून घातलेलं क जीवनसत्त्व. ते सहसा पेय काळवंडू नये म्हणून असतं, तरी 'क जीवनसत्त्वयुक्त' म्हणून मिरवायला चालून जातं.

साखर सारखी असूनही शरीरावर परिणाम वेगळा का, याचा एक जुना आणि साधा प्रयोग आहे, सफरचंदावरचा. १९७७ साली ब्रिटिश संशोधकांनी 'लॅन्सेट'मध्ये तो छापला. दहा निरोगी माणसांना सफरचंदं तीन रूपांत दिली: अख्खी, घोटून गर करून, आणि चोथा काढलेला रस. साखर-पिष्ट प्रत्येक वेळी तेवढंच, ६० ग्रॅम. रस फळापेक्षा अकरापट वेगाने पोटात गेला आणि गरापेक्षा चौपट वेगाने. पोट सर्वांत कमी भरलं रसाने, त्याहून बरं गराने, सर्वांत छान अख्ख्या फळाने. रसानंतर रक्तातली साखर वर जाऊन खाली घसरली, तशी फळानंतर घसरली नाही.

आमरसाचं काय, हा आपला प्रश्न या प्रयोगातच आहे. आमरस म्हणजे घोटलेला गर, म्हणून तो मधल्या पायरीवर बसतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली 'मुक्त साखरे'ची मर्यादा सांगितली: दिवसाच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांखाली, जमल्यास पाच टक्क्यांखाली, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम. अख्ख्या फळातली साखर या हिशेबात धरत नाहीत, वरून घातलेली आणि रसातली धरतात. ब्रिटनच्या व्याख्येत तर घोटलेल्या गरातलीही येते. वाटी-वाटी रस पुरीबरोबर ओरपणाऱ्यांना हे रुचणार नाही. पण त्या वाटीत निदान चोथा, कॅरोटीन आणि पोटॅशियम असतं. छोट्या पाकिटाने मात्र ती २५ ग्रॅमची मर्यादा जवळजवळ एकट्यानेच संपते.

तरीही सरकारी धोरणाचा कल पेयाच्या बाजूनेच राहिला, आणि त्याचं कारण पोषण नव्हे, शेतकरी. सप्टेंबर २०१४ मध्ये तुमकूरच्या फूड पार्कच्या उद्घाटनात पंतप्रधानांनी शीतपेय कंपन्यांना पाच टक्के फळांचा रस घालण्याचं आवाहन केलं, ते फळांना गिऱ्हाईक मिळावं म्हणून. जून २०२४ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने 'शंभर टक्के फळांचा रस' हा दावा वेष्टनावरून काढायला लावला. पाण्यात अर्क मिसळून पुन्हा तयार केलेल्या रसांना तो चिकटवला जात होता. दहा टक्क्यांच्या पेयाला असा दावा मुळात करताच येत नव्हता, त्यामुळे त्याला धक्का लागला नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून फळांच्या गरापासून केलेल्या, गॅस नसलेल्या पेयांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, आणि फेसाळत्या कोलांवर ४० टक्के लागला. दोन्हींतली साखर १०० मिलीला जवळपास सारखीच.