मण्याच्या भोकातून दिसणारं हडप्पा

सिंधू संस्कृतीची लिपी अजून कोणालाही खात्रीनं वाचता आलेली नाही. चिन्हं चारशेच्या आसपास, आणि एकेक लेख सरासरी पाचेक चिन्हांचा. एवढ्या तुटपुंज्या मजकुरावरून भाषा उलगडणं फार अवघड. मोहेंजोदडोच्या एकाही राज्यकर्त्याचं नाव म्हणूनच आपल्याला ठाऊक नाही. तरीही ‘गूढ, लुप्त संस्कृती’ असा शिक्का मारून मोकळं व्हावं, हे मला पटत नाही. या लोकांनी लिहिलेलं वाचता येत नसलं तरी त्यांनी घडवलेलं वाचता येतं. त्यासाठी त्यांचा लाल अकीकाचा एक लांब मणी पुरे आहे.

हे मणी मधे किंचित फुगीर, टोकांकडे निमुळते, आणि 6 ते 13 सेंटिमीटर लांब. अकीक ही क्वार्ट्झची जात. मोह्जच्या 1 ते 10च्या मोजपट्टीवर तिचा कठीणपणा जवळपास 7. पोलादी चाकूनंही सहसा ओरखडा उठत नाही. हडप्पाच्या कारागिरांकडे तर लोखंडसुद्धा नव्हतं, तांबं आणि कांसंच होतं. मग एवढ्या कठीण दगडातून आरपार बारीक भोक पाडलं कसं?

उत्तर त्या भोकातच आहे. पुरातत्त्वज्ञ जोनाथन मार्क केनॉयर यांनी भोकांमध्ये सिलिकॉन भरून त्यांचे साचे काढले आणि ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. भिंत गुळगुळीत होती. भोक दोन्ही टोकांकडून पाडत आणलेलं असे, आणि दोन्ही बाजू जिथे भेटतात तिथे बारीकशी पायरी राहिलेली दिसे. तसं भोक पाडणारी दगडी टोकंही उत्खननात सापडली आहेत. सिंधमधल्या चन्हुदडो इथे 1935-36 मध्ये अर्नेस्ट मॅके यांना ती मिळाली, म्हणून त्या दगडाला पुढे ‘अर्नेस्टाइट’ नाव पडलं. हिरवट-तपकिरी, काळ्या ठिपक्यांचा हा दगड अकीकालाही पुरून उरतो. टोकाची घडण पाहण्यासारखी आहे: पुढचा भाग जरासा रुंद, कंबर बारीक. त्यामुळे काम करणारं फक्त टोक घासतं आणि दांडा भोकात अडकत नाही. सुताराच्या सामत्यासारखं दोरीच्या धनुकलीनं ते फिरवत असावेत. कच्छमधल्या धोलावीरात अशी टोकं हजारावर निघाली.

प्रत्यक्ष प्रयोग करून पाहिल्यावर वेग निघाला तासाला सुमारे अडीच मिलिमीटर. म्हणजे 12 सेंटिमीटरच्या मण्याला नुसत्या भोकासाठी 48 तास! दगड तापवणं, फोडून आकार देणं, घासणं, चकाकी आणणं हे सगळं वेगळं. आणि शेवटच्या तासाला मणी तडकला तर सारी मेहनत वाया.

इथूनच समाज दिसायला लागतो. दिवसेंदिवस एका मण्यावर खपणाऱ्या माणसाच्या पोटापाण्याची सोय दुसऱ्या कुणीतरी केलेली असणार. उत्तम अकीक येई गुजरातेतून, आणि चन्हुदडो तिथून शेकडो किलोमीटर दूर. म्हणजे मालाची ने-आण नियमित होती. एवढं महाग लेणं घालणारा वर्गही होता. मोठे राजवाडे किंवा खजिन्यांनी भरलेल्या राजांच्या कबरी सापडल्या नाहीत म्हणून ही नगरं सगळ्यांना समान लेखणारी होती, असं अनेकदा लिहिलं जातं. मणी मला तरी तसं सांगत नाहीत.

हे मणी समुद्रापलीकडेही गेले. लेनर्ड वूली यांनी 1920च्या दशकात इराकमधल्या उरची राजघराण्याची दफनभूमी खणली, इ.स.पू. 2500च्या आगेमागे पुरलेल्या तिथल्या माणसांच्या अंगावर सिंधू पद्धतीचे लाल मणी निघाले. काहींवर क्षाराचा लेप लावून, भाजून उठवलेल्या पांढऱ्या रेघा आहेत. मेसोपोटेमियाच्या लेखांत ‘मेलुहा’ नावाचा देश येतो. बहुतेक अभ्यासकांच्या मते तो म्हणजे सिंधू खोरं. मेलुहाची जहाजं आपल्या राजधानीच्या धक्क्याला लागतात, असा अक्कडचा राजा सारगॉन अभिमानानं सांगतो. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात एक दंडगोल मुद्रा आहे. तिच्यावर कीलाकार लिपीत मालकाची ओळख कोरली आहे: शू-इलिशू, मेलुहाच्या भाषेचा दुभाषा. जी भाषा आज आपल्याला उलगडत नाही, तिच्या एका दुभाष्याचं नाव मात्र आपल्याला माहीत आहे! ही मुद्रा पहिल्यांदा वाचनात आली तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच नावाचा विचार करत होतो.

इ.स.पू. 1900च्या सुमारास नगरं ओसरू लागली. पावसाळे क्षीण झाले होते, नद्यांची पात्रं बदलत होती, पश्चिमेचा व्यापार आटला होता. माणसं नाहीशी झाली नाहीत. ती पूर्वेकडे आणि गुजरातकडे सरकली, लहान गावांतून राहू लागली. पण आठवडाभर एका मण्यावर खपणाऱ्याला पोसणारं गिऱ्हाईक गेलं आणि लांब मणीही गेले. खंभातचे कारागीर अकीक आजही भाजून लाल करतात. भोक पाडायला मात्र ते हिऱ्याचे कण बसवलेलं टोक वापरतात. अर्नेस्टाइटचं टोक नगरांबरोबरच वापरातून गेलं.