शेवट बदलला की स्पॅनिश तयार?

मुंबईतल्या स्पॅनिश क्लासांच्या ग्रुपवर एक युक्ती वर्षानुवर्षं फिरते: इंग्रजी क्रियापदाच्या शेवटचं 'आइझ' काढा, 'इसार' (लिहिताना izar) लावा, झाली स्पॅनिश.

ती पसरली यात नवल नाही, कारण पहिली उदाहरणं खरीच निघतात. 'सिम्बोलाइझ'चं 'सिम्बोलिसार' होतं (स्पेनच्या बऱ्याच भागात उच्चार 'सिम्बोलिथार'). कबुतर शांतीचं प्रतीक आहे: 'ला पालोमा सिम्बोलिसा ला पास'. मध्ये कुठलंही शब्दयोगी लागत नाही, थेट कर्म. 'ऑर्गनाइझ'चंही तसंच जमतं.

गाडी अडते ती पुढे. 'अपॉलोजाइझ'चं असं रूप होतच नाही. माफी मागायला 'दिस्कुल्पार्से' आहे. 'क्रिटिसाइझ'चं 'क्रितिकार', 'रेकग्नाइझ'चं 'रेकोनोसेर'. सगळ्यात फसवा 'रेआलिसार'. शब्द आहे, पण त्याचा मुख्य अर्थ 'पार पाडणं'. लक्षात येणं म्हणजे 'दार्से क्वेंता'.

म्हणून बनवलेला शब्द आधी स्पॅनिश-स्पॅनिश कोशात बघा. सापडला तरी अर्थ वाचा, मग तोच उलट इंग्रजीत शोधून पडताळा. आणि 'सिम्बोलिसार'चं 'सिम्बोलिसे' (simbolice) हे रूप लिहिताना जपून: 'ई' अक्षराआधी 'झेड'चा 'सी' होतो. उच्चारात फरक पडत नाही, म्हणून मार्क नेमके तिथेच जातात.