'पुढे चालणार नाही' ही कंपायलरची नोटीस आली कुठून

रस्ट या प्रोग्रामिंग भाषेचा बिल्ड, म्हणजे कंपायलरने कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणं, संपला की कधीकधी तळाला एक ओळ येते, अमुक पॅकेजमधला कोड कंपायलरचं पुढचं कुठलंतरी व्हर्जन नाकारणार आहे म्हणून. बिल्ड पास झालेला असतो, अंधेरीहून 6:40 ची फास्ट पकडायची असते, कोण वाचतंय. पण ती ओळ तिथे यायला साडेसहा वर्षं गेली आणि त्यातला बराच काळ एकाच निर्णयाचं उट्टं काढण्यात गेला असं माझं मत आहे.

वॉर्निंग देणाऱ्या अशा तपासणीला लिंट म्हणतात, हे नाव 1970 च्या दशकातलं, सी भाषेच्या एका टूलचं. ते आजच्या चुका शोधायचं. 'आज चालतंय, उद्या नाही' हे सांगणाऱ्या वॉर्निंगचं सरळ उदाहरण जावाचं आहे, नुसता अंडरस्कोर नाव म्हणून वापरला तर जावा 8 ने (2014) वॉर्निंग दिली, 9 ने (2017) एरर दिली आणि 22 मध्ये (2024) तोच अंडरस्कोर नव्या अर्थाने परत आला. सी मध्ये आधी डिक्लेअर न करता फंक्शन कॉल करणं 1999 च्या स्टँडर्डने काढून टाकलं, जीसीसी या सीच्या कंपायलरने ते बाय डिफॉल्ट एरर केलं थेट 14 व्या व्हर्जनला, 2024 मध्ये. पंचवीस वर्षं वॉर्निंग! बघून बघून डोळ्यांना सवयच झाली.

आता रस्ट. मे 2015 मध्ये 1.0 आलं तेव्हा वचन होतं की तुमचा कोड मोडणार नाही, पण त्यात एक पळवाट मुद्दाम ठेवली होती, कंपायलरच्याच बगमुळे चुकीचा कोड पास होत असेल तर तो दुरुस्त करता येईल. म्हणजे अशा वॉर्निंगला दिलेला 'फ्युचर इनकम्पॅटिबल' (पुढे चालणार नाही) हा शब्दच फसवा आहे, बऱ्याचदा तो कोड पहिल्यापासून चुकीचाच असतो, फक्त पकडला गेलेला नसतो. मुद्दाम केलेल्या बदलांसाठी पुढे एडिशन, म्हणजे आपण निवडायच्या भाषेच्या आवृत्त्या, आल्या (2018, 2021, 2024), तिथे जुन्या एडिशनवर राहिलात तर जुनं चालत राहतं. 'फ्युचर इनकम्पॅटिबल' लिंटमध्ये ती सोय नाही, एडिशन कुठलीही असो.

2016 मध्ये याची रीत लिहून ठेवली: आधी वॉर्निंग, सोबत माहितीचा इश्यू (सगळ्यांना दिसणारी नोंद), मग डिनाय, मग हार्ड एरर. डिनाय आणि हार्ड एरर यात लोक कायम घोळ घालतात. दोन्हीत बिल्ड थांबतो, पण डिनाय अजून लिंटच आहे, एका ओळीत 'अलाव' लिहून गप्प करता येतो. हार्ड एररला ते औषध नाही.

आता तो निर्णय. 2015 मध्येच ठरलं की कार्गो, म्हणजे रस्टचं बिल्ड टूल, डिपेंडन्सी (आपण वापरतो त्या दुसऱ्यांच्या लायब्ररी) कंपाइल करताना त्यांच्या सगळ्या लिंट दाबून टाकेल, यालाच कॅप-लिंट्स म्हणतात. कारण पटण्यासारखं होतं, अनेक लायब्ररीवाल्यांनी 'सगळ्या वॉर्निंग म्हणजे एरर' असं लिहून ठेवलेलं, त्यामुळे कंपायलरमध्ये नवी लिंट आली की भलत्याच माणसाचा बिल्ड मोडायचा. पण त्याच झाडूने भविष्याच्या वॉर्निंगही गेल्या. पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी लागते ना, तसं समजा, नोटीस लावली खरी पण बंद खोलीच्या आतल्या बाजूने. लायब्ररीचा मूळ लेखक तीन वर्षांपूर्वी सोडून गेलेला, भाडेकरूला काही दिसत नाही, आणि एक दिवस बुलडोझर दारात. 'डिपेंडन्सीच्या वॉर्निंग बघून तुम्ही करणार काय' हा तेव्हाचा युक्तिवाद मला अजूनही पटत नाही. व्हर्जन बदलता येतं, फोर्क (आपली वेगळी प्रत) करता येतो, निदान साहेबांना आधी सांगता येतं.

याची भरपाई म्हणून बहुतेक उघड्या कोडवर नवा कंपायलर चालवून बघायची पद्धत होतीच. पण कंपन्यांचा बंद कोड त्यात येत नाही, म्हणजे आपला नाहीच.

शेवटी फेब्रुवारी 2022 ला, 1.59 मध्ये, ती तळाची ओळ आली, सविस्तर रिपोर्ट वेगळ्या कमांडने बघायचा. तीही प्रत्येक लिंटसाठी नाही, ज्या लिंटवर तसं मार्किंग केलंय तेवढ्याच डिपेंडन्सीतून वर येतात.

वेगाचाही काही नेम नाही. नव्या बॉरो चेकरच्या (मेमरी वापराचे नियम तपासणारा कंपायलरचा भाग) वॉर्निंग डिसेंबर 2018 मध्ये सुरू झाल्या आणि 2018 एडिशनसाठी नोव्हेंबर 2019 ला हार्ड एरर, वर्षभरात खेळ खलास. उलट पॅक्ड स्ट्रक्टच्या (मधे जागा न सोडता मांडलेल्या डेटाच्या) फील्डचा रेफरन्स घेणं धोक्याचं आहे हे 2015 मध्येच नोंदलेलं, हार्ड एरर झालं 2023 मध्ये.

आणि जुलै 2024 मध्ये 1.80 आलं तेव्हा टाइम नावाच्या लायब्ररीची जुनी व्हर्जन्स कंपाइल होईनात. आमच्याकडे सीआय (आपोआप बिल्ड करून तपासणारी यंत्रणा) कायम लेटेस्टवर, लॉक फाइल (लायब्ररींची व्हर्जन्स पक्की करणारी) मात्र जुनी, त्यामुळे सकाळी आल्या आल्या सगळं लाल. तळाची ओळ? नव्हती. स्टँडर्ड लायब्ररीत एक नवीन इम्प्लिमेंटेशन आलं, त्यामुळे टाइप इन्फरन्स (डेटाचा प्रकार कंपायलरने आपोआप ओळखणं) गोंधळला, आणि नियमांच्या हिशोबाने असं मोडणं 'किरकोळ' धरतात, त्यासाठी लिंट लागत नाही. दुरुस्त केलेलं व्हर्जन आधीच आलं होतं, एक कार्गो अपडेट मारला आणि झालं, पण ते कळेपर्यंत दुपारचे दीड वाजले होते.