निर्यातीच्या द्राक्षबागेची नोंदणी आणि उर्वरित अंश तपासणी

युरोपीय संघात द्राक्षे पाठवायची असतील, तर बाग अपेडाच्या (कृषी निर्यातीचे काम पाहणारी केंद्र सरकारची संस्था) ग्रेपनेट या ऑनलाइन नोंद प्रणालीत नोंदलेली असावीच लागते. नोंदणी प्लॉटवार होते आणि दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. दोन गटांत बाग असेल तर दोन्ही नोंदवा. एकाच्या नोंदणीवर दुसऱ्याचा माल जात नाही.

अर्ज कृषी विभागाकडे करायचा. सोबत सातबारा, आठ-अ, चतुःसीमा दाखवणारा बागेचा नकाशा आणि ओळखपत्र जोडा. सातबाऱ्यावर द्राक्षाची पीकपाहणी लागली आहे का, हे आधी पाहा. अर्ज बहुधा तिथेच अडकतो. नावातला फरकही तेव्हाच दुरुस्त करून घ्या.

सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे फवारणीची नोंदवही. तारीख, औषधातील सक्रिय घटक, बॅच क्रमांक, प्रमाण, पाण्याचे लिटर आणि काढणीपूर्व प्रतीक्षा कालावधी (शेवटची फवारणी ते काढणी यांत ठेवायचे दिवस) हे सगळे त्याच दिवशी लिहा. खनिज तेल किंवा निंबोळी तेल मारले तरी नोंद हवीच. कीडनाशकांच्या नेहमीच्या बहुअंश चाचणीत (एकाच वेळी अनेक औषधांचे उरलेले अंश शोधणारी चाचणी) खनिज तेल दिसत नाही, पण त्यासोबत टाकीत मिसळलेले औषध दिसते. गंधक आणि तेल यांत दोन आठवडे तरी अंतर ठेवा, नाहीतर पाने व मणी करपतात.

काढणीआधी अपेडामान्य प्रयोगशाळेचा प्रतिनिधी बागेत येऊन उर्वरित अंश तपासणीसाठी द्राक्षांचा नमुना घेतो. शेतकऱ्याने स्वतः नेलेला नमुना निर्यातीसाठी चालत नाही. अहवाल येईपर्यंत तोडणी करू नका. नमुना नापास झाला तर प्रणालीत अंतर्गत इशारा लागतो आणि तो प्लॉट थांबतो.

युरोपात ज्या औषधाच्या उर्वरित अंशाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला 0.01 पीपीएम (दशलक्ष भागांत 0.01 भाग) लागू होते, म्हणजे एक टन द्राक्षांत केवळ 10 मिलिग्रॅम. न धुतलेली टाकी, नळीत राहिलेले पाणी किंवा शेजारच्या टोमॅटोवरून वाऱ्याने आलेली फवारणी एवढ्यावरही ही मर्यादा ओलांडली जाते. वेलीची वाढ कमी-जास्त करणाऱ्या औषधांना, म्हणजे वाढनियंत्रकांना, हलके समजू नका. 2010 मध्ये युरोपात आपली द्राक्षे क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकामुळेच अडली होती.

म्हणून तोडणीच्या आधी स्वखर्चाने एक पूर्वतपासणी करून घ्याच. बागेच्या वेगवेगळ्या भागांतून, कडेच्या ओळी सोडून, सावलीतले आणि उन्हातले मिळून किमान पाच घड, एकूण दोन किलो घ्या. ते धुऊ नका. औषधाला हात लागलेल्या माणसाकडून तोडून घेऊ नका. स्वच्छ पिशवीत, थंड पेटीत, त्याच दिवशी पाठवा.

निर्यातीच्या अर्जाला मातीचा अहवाल लागत नाही. जमिनीत तेल सांडल्याची शंका असेल तर 0 ते 15 सेंटिमीटर थरातली माती काचेच्या बरणीत, तोंडापर्यंत भरून प्रयोगशाळेला द्या आणि तिच्या तपासणी अर्जावर ‘पेट्रोलियम हायड्रोकार्बन’ (खनिज तेलातले घटक) असे स्पष्ट लिहा. नुसते ‘कीडनाशक तपासणी’ लिहिले, तर प्रयोगशाळा तेल तपासणारच नाही.